सेंटर फिल्डमधून संघ चालवता येतो का? ट्रिस स्पीकरच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एकोणतीस वर्षांचे, क्लबच्या बेसबॉल संघात सेंटर फिल्ड, म्हणजे मागच्या मैदानातली (आऊटफिल्डमधली) मधली जागा, खेळता. जुने कोच गाव सोडून गेले आणि बाकीच्यांनी तुम्हालाच गळ घातली की आता खेळ आणि संघही तूच बघ. त्याच सुमारास ट्रिस स्पीकरबद्दल तुमच्या वाचनात आलं. तोही सेंटर फिल्डर, तोही खेळता खेळता मॅनेजर झालेला. तुम्ही विचारता की टाय कॉबसारख्या त्याच्याच तोडीच्या खेळाडूला जे साधलं नाही ते स्पीकरला कसं साधलं, आणि साधलं म्हणावं तर साडेसात हंगामांत विजेतेपद एकच का.

मी सव्वीस वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतो आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मी स्वतः सेकंड बेसवर खेळत होतो आणि संघही माझ्याकडेच होता. आमच्या विदर्भ-खानदेशात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळा भरपूर, पण खेळाडू आणि कोच एकच असं का होतं, याचं कारण बहुतेक वेळा दुसरं माणूस मिळत नाही एवढंच असतं. त्यामुळे तुमची अडचण मला नवी नाही.

मोठा खेळाडू चांगला मॅनेजर होतो का, असं विचारलं तर दोन्ही बाजूंची हवी तेवढी उदाहरणं निघतात आणि हाती काही लागत नाही. मला वाटतं तुम्ही स्वतःला विचारायला हवं ते हे, की मैदानात उभं असताना तुमची नजर कुठे असते. स्पीकर ज्या नजरेने सेंटर फिल्ड खेळला त्याच नजरेने त्याने संघ चालवला. म्हणून आधी त्याच्या फिल्डिंगबद्दल बोलतो, मॅनेजरकीकडे मग वळतो.

स्पीकर टेक्सासमधल्या हबर्डचा, जन्म १८८८ चा. लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडला आणि तो डाव्या हाताने फेकायला शिकला. १९०८ च्या वसंतात बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने लिटल रॉकचं मैदान सरावासाठी वापरलं आणि भाड्यापोटी या पोराला तिथल्या संघाकडे ठेवून दिलं. त्याच वर्षी ५०० डॉलर मोजून त्याला परत घ्यावं लागलं. १९०९ पासून तो बोस्टनचा नियमित सेंटर फिल्डर झाला. डावीकडे डफी लुईस, उजवीकडे हॅरी हूपर. त्या काळच्या सर्वोत्तम आऊटफिल्डमध्ये या तिघांचं नाव आजही निघतं.

आता तो उभा कुठे राहायचा ते बघा. सेकंड बेसच्या मागे, इतका पुढे की इनफिल्डमधला, म्हणजे बेसजवळ उभ्या असणाऱ्यांतला, पाचवा माणूसच वाटावा. सेकंड बेसवरच्या रनरला पकडायला तो मागून येऊन पिचरचा थ्रो घ्यायचा. रनर धावत सुटला असताना समोर आलेला लाइन ड्राइव्ह (सरळ, जोरात येणारा फटका) झेलून, तसाच पळत जाऊन, स्वतःच बेसवर पाय ठेवून दुसरा बळी घ्यायचा. असे एकट्याने केलेले डबल प्ले त्याच्या नावावर सहा आहेत. शिवाय १९१२ च्या वर्ल्ड सिरीजमधला एक वेगळाच. आऊटफिल्डरने नुसत्या थ्रोवर रनर बाद केले तर त्याला असिस्ट मिळतो. स्पीकरचे असिस्ट ४४९. आऊटफिल्डरांमध्ये हा विक्रम अजून त्याचाच आहे. १९०९ आणि १९१२ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी ३५.

हे धाडस वाटतं, पण तो हिशेब होता. १९२० च्या आधीचा बॉल हा आजचा बॉल नव्हे. एकच बॉल डावामागून डाव चालायचा. त्यावर थुंकी, तंबाखू, माती, काय वाटेल ते लागायचं. तो मऊ पडायचा आणि काळा व्हायचा. १९१२ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (दोन मेजर लीगपैकी एक, स्पीकरचे संघ याच लीगमधले) सर्वांत जास्त होम रन किती, तर दहा. ते मारणारे दोघे होते, फ्रँक बेकर आणि खुद्द स्पीकर. अशा काळात सेंटर फिल्डरच्या डोक्यावरून जाणारे फटके थोडे आणि इनफिल्डच्या मागे टप्पा पडणारे फटके कितीतरी जास्त. स्पीकर म्हणे, त्या थोड्यांसाठी मागे उभं राहून जास्तीचे का सोडायचे? आणि डोक्यावरून जाणाऱ्या थोड्या फटक्यांसाठी मागे धावायचं कसब त्याने कमावून ठेवलं होतं. बोस्टनला आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला महान पिचर साय यंग त्याला उंच फटके मारून द्यायचा आणि हा ते पळत मागे जाऊन घ्यायचा. ती शिकवणी त्याने पुढे आयुष्यभर मानली.

मी माझ्या आऊटफिल्डरांना एक काम लावतो. एका स्पर्धेत तुझ्या समोर किती बॉल पडले आणि डोक्यावरून किती गेले, दोन्ही वहीत लिही. डोक्यावरून गेलेला एकच बॉल पोराच्या मनात रुतून बसतो, कारण सगळे ओरडतात. समोर पडलेले दहा कोणी मोजत नाही, ते पिचरच्या खात्यात जातात. वही भरली की पोरगं आपणहून चार पावलं पुढे येतं. तुम्ही मात्र हे डोळे झाकून करू नका. समोरचा संघ अॅल्युमिनियमच्या बॅटने खेळतो का, मैदानाला मागे कुंपण आहे की मोकळं रान आहे, तुमचा पिचर बॉल खाली ठेवतो की वर, यावर ती चार पावलं ठरतात. स्पीकरची जागा उचलून उपयोग नाही, त्याची मोजणी उचला.

या उभं राहण्यात मॅनेजरकीचं बीज आहे. पुढे उभं राहायचं तर बॉल सुटण्याआधी सगळं ठरवावं लागतं. सेंटर फिल्डरला पिचरच्या पाठीमागून कॅचरच्या खुणा दिसतात, बॅटरचे पाय दिसतात, रनर दिसतो, आपले सगळे आठ जण दिसतात. मैदानावर एवढं एकत्र दिसण्याची जागा दोनच जणांची, कॅचर आणि सेंटर फिल्डर.

१९१६ च्या हंगामाआधी पगारावरून वाद झाला आणि बोस्टनने त्याला क्लीव्हलंडला देऊन टाकलं. बदल्यात दोन खेळाडू आणि ५५,००० डॉलर. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. त्याच वर्षी .३८६ च्या सरासरीने (हजार संधींमागे ३८६ हिट) त्याने बॅटिंगचा किताब घेतला आणि वर्षानुवर्षं तिथे ठाण मांडून बसलेल्या कॉबला खाली उतरवलं. क्लीव्हलंडचा मॅनेजर होता ली फोल. फोल स्पीकरच्या सल्ल्याने चालायचा, आणि सामना सुरू असताना हा सल्ला सेंटर फिल्डमधून खुणांनी यायचा. म्हणजे पद मिळण्याआधीच काम सुरू झालं होतं.

१८ जुलै १९१९ ला बोस्टनविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये बेब रूथ बॅटिंगला आला. कोणता पिचर आणायचा याबद्दलची स्पीकरची खूण फोलने चुकीची वाचली, असं सांगतात. आला तो फ्रिट्झ कूम्ब. रूथने बेस भरलेले असताना होम रन मारला, हातातला सामना गेला आणि फोलने राजीनामा दिला. संघ स्पीकरकडे आला. उरलेल्या हंगामात क्लीव्हलंडने ४० सामने जिंकले, २१ हरले.

पुढचं वर्ष १९२०. त्याच्या मॅनेजरकीबद्दल जे शिकायचं ते बहुतेक या एका वर्षात आहे.

पहिली गोष्ट माणसं पेरण्याची. डावखुऱ्या बॅटरला उजव्या हाताने फेकणारा पिचर सोपा जातो, आणि उजव्या बॅटरला डावखुरा. बॉल अंगाकडे येतो, लवकर दिसतो. ही अक्कल स्पीकरच्या आधीही होती. १९१४ मध्ये बोस्टन ब्रेव्हजच्या जॉर्ज स्टॉलिंग्जने ती वापरली होती. पण स्पीकरने ती तीन जागांवर जवळजवळ रोज वापरली. फर्स्ट बेसवर डॉक जॉन्स्टन आणि जॉर्ज बर्न्स, लेफ्ट फिल्डमध्ये चार्ली जेमिसन आणि जो इव्हान्स, राइट फिल्डमध्ये एल्मर स्मिथ आणि जो वुड. समोर कोण फेकणार ते बघून यातला कोण खेळणार ते ठरे. त्या काळी यावर टीका झाली. अर्धा वेळ बाकावर बसणाऱ्या खेळाडूचा आत्मविश्वास जातो, असं म्हणणारे होते. टीका अगदीच चूक नव्हती. मी हे केलं आहे, आणि बाकावर बसलेल्या मुलाचा चेहरा मी बघितला आहे. पण ज्याला आपण का बसलो हे आदल्या दिवशी समजतं तो रुसत नाही. ज्याला मैदानात आल्यावर कळतं तो रुसतो.

जो वुडचं थोडं अधिक सांगतो. १९१२ मध्ये बोस्टनसाठी ३४ सामने जिंकून फक्त ५ हरलेला हा पिचर. नंतर खांदा गेला. स्पीकरचा बोस्टनपासूनचा जिवलग. क्लीव्हलंडला येऊन तो आऊटफिल्डर झाला, आणि स्पीकरच्या या अदलाबदलीत १९२१ मध्ये त्याने .३६६ ची सरासरी काढली. खांदा संपला म्हणून माणूस संपला, असं स्पीकरने मानलं नाही.

रे कॉल्डवेलचंही तसंच. दारूपायी बोस्टनने सोडलेला पिचर. क्लीव्हलंडसाठी पहिला सामना फेकत होता, २४ ऑगस्ट १९१९, तेव्हा नवव्या इनिंगमध्ये वीज पडली आणि तो कोसळला. उठला, शेवटचा बळी घेतला आणि सामना २-१ ने जिंकून दिला. कोणत्या दिवशी प्यायची आणि कोणत्या दिवशी नाही याचं वेळापत्रकच स्पीकरने त्याच्या करारात घातलं होतं, अशी गोष्ट सांगितली जाते. १९२० मध्ये कॉल्डवेलने २० सामने जिंकले.

आणि मग १६ ऑगस्ट १९२०. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राऊंड्सवर कार्ल मेजचा बॉल रे चॅपमनच्या डोक्याला लागला. चॅपमन क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), संघाचा लाडका, स्पीकरचा मित्र. पुढचा बॅटर स्पीकरच होता. तो धावत त्याच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमन गेला. मेजर लीगच्या सामन्यात बॉल लागून मरण आलेला तो एकमेव खेळाडू. सहा आठवडे हंगाम उरलेला, शिकागो आणि न्यूयॉर्क मागेपुढे, आणि ड्रेसिंग रूममध्ये ही रिकामी खुर्ची. अशा वेळी मॅनेजरने काय करायचं याचं कोणतंही पुस्तक नाही. स्पीकर स्वतः खचला होता, हे त्याच्या जवळच्यांनी पाहिलं होतं.

त्याने जागा भरली. आधी हॅरी लुन्ट खेळला, तो दुखावला. मग न्यू ऑर्लिन्सहून जो सीवेल नावाचा पोरगा आणला, सप्टेंबरमध्ये, पेनंटची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, झुंज ऐन रंगात असताना. त्याने २२ सामन्यांत .३२९ काढले. पुढे चौदा वर्षांच्या कारकिर्दीत हा माणूस फक्त ११४ वेळा स्ट्राइक आऊट झाला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. सॅक्रामेंटोहून डस्टर मेल्स आला, डावखुरा पिचर. त्याने उरलेल्या दिवसांत ७ जिंकले, एकही हरला नाही. शेवटच्या आठवड्यात शिकागोचे खेळाडू १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या लाचखोरीवरून निलंबित झाले, हाही नशिबाचा भाग होता, तो नाकारायचं कारण नाही. क्लीव्हलंड ९८ विजयांवर पोचलं, शिकागो दोन सामने मागे राहिलं. स्पीकरची स्वतःची सरासरी त्या वर्षी .३८८.

वर्ल्ड सिरीज ब्रुकलिनशी झाली, नऊपैकी पाच जिंकायचे होते. पाचव्या सामन्याची कथा सगळे सांगतात. एल्मर स्मिथचा वर्ल्ड सिरीजमधला पहिला ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असतानाचा होम रन), आणि बिल वाम्ब्सगान्सने एकाच फटक्यावर एकट्याने घेतलेले तीन बळी. मी मात्र माझ्या मुलांना सहावा सामना सांगतो. ब्रुकलिनने डावखुरा शेरी स्मिथ आणला. म्हणून फर्स्ट बेसवर उजवा जॉर्ज बर्न्स. स्पीकरने सिंगल मारला, बर्न्सने डबल मारून त्याला घरी आणलं. सामना १-० संपला. पिचर मेल्स, दोन महिन्यांपूर्वी त्याला संघात कोणी ओळखतही नव्हतं. एकाच धावेत माणसं पेरण्याचं सगळं काम दिसतं. सातवा सामना स्टॅन कोव्हेलेस्कीने जिंकला, त्याचा मालिकेतला तिसरा.

मग पुन्हा विजेतेपद का नाही? इथे परिस्थितीचा वाटा मोठा आहे. १९२१ मध्ये क्लीव्हलंड दुसरं आलं, ९४ सामने जिंकून. पुढे न्यूयॉर्क होतं आणि न्यूयॉर्ककडे बेब रूथ. मालक जिम डन १९२२ च्या जूनमध्ये वारला, संघ त्याच्या पत्नीकडे गेला, आणि नवे खेळाडू विकत घेण्याचं बळ उरलं नाही. १९२० मध्ये ३१ सामने जिंकणारा जिम बॅग्बी पुढच्या वर्षी १४ वर आला. एवढ्या इनिंग टाकल्यावर खांद्याने उत्तर दिलं. याचा दोष थोडा स्पीकरकडेही जातो असं मी म्हणेन. जिंकण्याच्या वर्षात पिचर पिळून निघाला. आणि खेळ बदलला. स्वच्छ, कडक बॉल आले, फटके मागे जाऊ लागले, एकेक धाव गोळा करण्याची किंमत उतरली. स्पीकर बॅटर म्हणून तग धरून राहिला, ३७ व्या वर्षी, १९२५ मध्ये, त्याने .३८९ काढले, पण संघ १९२४ आणि १९२५ दोन्ही वर्षं सहावा. १९२६ मध्ये जॉर्ज ऊलने २७ सामने जिंकले तेव्हा तोच संघ न्यूयॉर्कच्या तीनच सामने मागे येऊन थांबला. पिचर असला की स्पीकरचा संघ वर, नसला की खाली. एकूण हिशेब ६१७ विजय, ५२० पराभव.

कॉब डेट्रॉइटला १९२१ ते १९२६ मॅनेजर होता. त्याच्या १९२१ च्या संघाची बॅटिंग सरासरी .३१६ होती आणि क्रमांक सहावा. त्याने हॅरी हाइलमनला असं घडवलं की त्याने बॅटिंगचे चार किताब घेतले, म्हणजे शिकवण्यात तो कमी नव्हता. पण त्याचा संघ त्याच्यासारखा होता, बॅटिंगने भरलेला आणि पिचिंगने रिता. कॉबला जे स्वतःला येत होतं ते त्याने इतरांत उतरवलं. स्पीकर समोरच्याकडे काय आहे ते आधी बघायचा, वुडकडे बॅट आहे, कॉल्डवेलकडे अजून वीस सामने आहेत, आणि त्याप्रमाणे त्याला उभं करायचा. मला दोघांतला फरक इथे दिसतो.

१९२६ च्या अखेरीस दोघांनीही पद सोडलं. डच लेनर्ड या जुन्या पिचरने आरोप केला होता की १९१९ च्या सप्टेंबरमधला एक सामना या दोघांच्या संगनमताने क्लीव्हलंडने ठरवून डेट्रॉइटला सोडला. लेनर्ड समोर येऊन साक्ष द्यायला तयार झाला नाही, आणि जानेवारी १९२७ मध्ये बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिसने दोघांना निर्दोष ठरवलं. त्या सामन्यात स्पीकरने दोन ट्रिपल मारले होते. पण मेजर लीगमध्ये मॅनेजरची खुर्ची त्याला पुन्हा मिळाली नाही. एक वर्ष वॉशिंग्टन, एक वर्ष फिलाडेल्फिया, मग नेवार्क. खेळाडू म्हणून ३,५१४ हिट, ७९२ डबल. डबलचा तो आकडा आजवर कोणी गाठलेला नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही हे घ्यावं का, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हालाच माहीत.

बाकावर तुमचा एक माणूस आहे का? स्पीकरकडे जॅक मॅकॅलिस्टर होता, जो त्याच्या मागून १९२७ ला मॅनेजर झाला. माझ्याकडे पहिली दोन वर्षं कोणी नव्हतं. एका जिल्हा अंतिम सामन्यात मी आधीच्या इनिंगमध्ये सोडलेल्या ग्राऊंडरचाच विचार करत सेकंड बेसवर उभा होतो, आणि आमच्या पिचरचा हात खाली आला आहे हे मला चार हिट खाल्ल्यावर दिसलं. तो सामना माझ्यामुळे गेला. त्यानंतर एका निवृत्त खेळाडूला मी वही देऊन बाकावर बसवलं. काम एकच, पिच मोजायच्या आणि साठ झाल्या की टोपी काढायची.

मित्राला बाहेर बसवता येईल का? मॅनेजर होण्याआधी याचं उत्तर द्या. आणि स्वतःची बॅटिंग पडली तर स्वतःला बसवता येईल का? हे तर जास्त अवघड. स्पीकरवर ती वेळ क्लीव्हलंडला जवळपास आली नाही, म्हणून त्याच्या उदाहरणातून याबाबत काही शिकता येत नाही.

तिन्हींना हो असेल तर घ्या, पण एका हंगामासाठी, आणि संघाला तसं सांगून. सेंटर फिल्ड सोडू नका. पिचरच्या पाठीमागची ती जागा तुमच्या कामाची आहे.

स्पीकरच्या कारकिर्दीतला मला सर्वांत आवडणारा भाग या सगळ्यानंतरचा आहे. १९४७ च्या जुलैमध्ये लॅरी डोबी क्लीव्हलंडला आला, अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो मुळात सेकंड बेसचा. त्या वर्षी त्याला फारसं खेळायलाच मिळालं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला आऊटफिल्डमध्ये टाकायचं ठरलं. १९४८ च्या वसंतातल्या सरावात त्याला ही जागा शिकवायला क्लीव्हलंडने साठीला आलेल्या स्पीकरला बोलावलं. डोबीने त्या हंगामात .३०१ काढले आणि सेंटर फिल्ड आपलंसं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंड १९२० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकलं, आणि चौथा सामना २-१ ने जिंकून देणारा होम रन डोबीचा होता.